बाभळीवरची ऊब

यंदाही जवारी निसवली, कणसं बाहेर पडली आणि मी मचाणावर बसायला लागले. घरात माणसं आहेत, पोरं मोठी झाली आहेत, सालगडी आहे. पण पाखरं राखायचं काम मी कुणाला देत नाही. लोकांना वाटतं, बाईची हौस आहे. हौस कसली? पौषातल्या सकाळी मचाणाच्या लाकडावर दव असतं, लुगड्याचा काठ ओला होतो, गोफणीची दोरी बोटांना कापते. हौस म्हणणाऱ्यानं एकदा चढून बघावं.

मचाण उंचवट्यावर आहे. तिथून शेत उताराला लागतं आणि खाली नाल्याच्या काठानं बाभळी आहेत. त्यातली एक बाकीच्यांच्या वर गेलेली. उतारामुळं तिचा शेंडा मचाणावर बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर येतो. त्या शेंड्यावर यंदा पुन्हा काटक्यांचा ढीग आहे, गाडीच्या चाकाएवढा रुंद, आणि ढिगात एक मोठं भुरकट पाखरू बसलेलं असतं. मी त्याच्याकडं बघते, ते माझ्याकडं बघतं. दोघींनाही आपापलं काम आहे.

हे पाखरू मला ज्या बाईनं पहिल्यांदा दाखवलं, ती आता या घरात नाही.

मी जुन्या जालन्याची. आमच्या गल्लीत एका बाजूला धान्याची दुकानं, दुसऱ्या बाजूला कापडाची. वर बघितलं तर आभाळ पट्टीएवढं दिसायचं. वडील कापडाच्या दुकानात मुनीम होते. राज्य हैद्राबादचं, म्हणून शाळा उर्दूतली, आणि तीही मुलग्यांसाठी; म्हणून त्यांनी मला घरीच लिहा-वाचायला शिकवलं. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला हिशेब येत होता, पोथी वाचता येत होती आणि शेतातलं एकही काम येत नव्हतं. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, पहिल्याच थंडीत मला थोरल्या जावेबरोबर राखणीला पाठवलं. मी गोफण गरगर फिरवली, दोरी सोडली आणि दगड सुटला तो थेट मागं. मामंजी बांधावर विडी ओढत होते, ते उठून उभे राहिले.

"अगं, पाखरं म्होरं हायेत," थोरली जाऊ म्हणाली. "मागं सासरा हाय. त्याला कशाला हाकलतीस, तो कणसं खात न्हाई."

ही कौसाक्का. केदारखेड्याची लेक. हात मोठे, आवाज त्याहून मोठा. तिनं 'हुर्रर्र' केलं की पलीकडच्या शिवारातली पाखरंसुद्धा उठायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. घरात या गोष्टीबद्दल कुणी तोंडानं बोलत नसे. नुसतं वागत. शेजारी कुणाचं डोहाळजेवण असलं की आत्याबाई सकाळीच म्हणायच्या, "कौसा, आज तू शेतावरच थांब, पाखरं लई झाल्याती." ओटी कुणाची भरायची असली की हळदी-कुंकवाचं ताट माझ्या हातात यायचं. म्हणून कौसाक्काला मचाण आवडायचं. तिथं तिला उठून जायला सांगणारं कुणी नव्हतं.

"ती बघ, बाई बसल्यात," तिनं एका सकाळी मला बाभळीकडं बोट करून दाखवलं.

तोवर गावात त्या पाखराला नाव नव्हतं. मोठी घार म्हणायचे. अंगाचा रंग जुन्या घोंगडीसारखा, आणि पिसं पायाच्या बोटांपर्यंत आलेली. कौसाक्का म्हणायची, तहसिलीतला कारकून इजार घालून बसलाय. जोडी होती. थोराड होती ती मादी. तीच जास्त वेळ बसायची. नर सरडा, उंदीर, कधी साप घेऊन यायचा आणि बाजूच्या फांदीवर ठेवून द्यायचा. ती उठून खायला गेली की तो तिच्या जागी जाऊन बसायचा.

"घरधनी चुलीपाशी बसला बघ," कौसाक्का म्हणायची. "आपल्याकडं सांग बरं कुणाला असं बसायला. कंबर धरंल त्यांची."

त्या थंडीत आम्ही दोघींनी जेवढं त्या घरट्याकडं बघितलं, तेवढं घरातल्या माणसांकडं बघितलं नसेल. अंड्यांपाशी जाताना ती मादी नख्या आत वळवून घ्यायची आणि मूठ टेकत चालल्यासारखी चालायची. ज्या नख्यांनी ससा फाडायचा, त्याच नख्यांचा ओरखडा अंड्याला लागू नये म्हणून. मग पोटाखालची पिसं बाजूला करायची, डावी-उजवीकडं डोलायची आणि उघडी कातडी अंड्यांना टेकवून खाली बसायची. मधूनच उठून चोचीनं अंडी फिरवायची. दुपारी ऊन तापलं की उठून उभी राहायची, पंख अर्धे उघडून अंड्यांवर सावली धरायची आणि चोच उघडी टाकून धापा टाकायची. ऊब म्हणजे नुसती गरमी नव्हे, हे मला तिथं कळलं. थंडीत गार होऊ द्यायचं नाही आणि उन्हात शिजू द्यायचं नाही.

खरं तर हे आमच्या घरातही सगळ्यांना माहीत होतं. आत्याबाईंच्या कोंबड्या होत्या. एखादी खुडूक झाली की तिला बसवायचा त्यांचा थाट बघण्यासारखा असे. टोपलीत राख आणि भुसा, त्यात निवडलेली अंडी, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून एक लोखंडाचा तुकडा आणि कोळसा. टोपली माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. पोरांनी तिकडं फिरकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. दिवसातून एकदा कोंबडीला दाणे खायला उतरवायचं, तेही आत्याबाई शेजारी उभ्या राहणार. "जल्दी उतरव, जल्दी बसव. अंड्याला वारा लागू दिऊ नको." एकदा मी कोंबडीला अंगणात जरा जास्त फिरू दिलं, तर त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि याच बाईनं बाभळीखाली ढोल नेला.

झालं असं की जांब समर्थला जाऊन आलेले एक बुवा गावात मुक्कामाला थांबले. सकाळी नाल्यावर तोंड धुवायला गेले आणि त्यांनी वर बघितलं. संध्याकाळच्या कीर्तनात त्यांनी सांगितलं, तुमच्या शिवारात साक्षात गरुड उतरलाय, विष्णूचं वाहन, आणि तुम्ही त्याला घार म्हणता? माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी जागच्या जागी चुळबुळ केली. कारण चारच दिवसांपूर्वी हे विष्णूचं वाहन मी माळावर मेलेल्या बैलापाशी गिधाडांच्या पंक्तीत बसलेलं बघितलं होतं. गावानं ते बघितलं नव्हतं असं नाही. पण त्या रात्रीपासून कुणी बघितलेलं आठवेना.

बुवा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेले. आम्ही इथंच राहिलो.

आत्याबाईंनी नवस बोलला. बाभळीवर पिल्लं निघाली की आपल्या थोरलीची कूस उजवेल. न निघाली तर काय, ते त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. पण थोरल्या दिरांसाठी एक स्थळ बघून ठेवलंय, हे गावातल्या बायका पाणवठ्यावर माझ्याच देखत बोलायच्या. कौसाक्कालाही ते माहीत होतं. म्हणजे तिचा संसार आता त्या काटक्यांच्या ढिगात ठेवलेला होता आणि त्यावर एक पाखरू बसलेलं होतं.

तिला नेम लावून दिला. रोज सकाळी ओल्या अंगानं बाभळीला प्रदक्षिणा घालायच्या, खोडाला हळद-कुंकू लावायचं. गुरुवारी आणि एकादशीला गुरव ढोल घेऊन यायचा. त्याच्यामागं गावातल्या बायका, मग शेजारच्या गावच्या बायका. नारळ, धूप, आरती. मी मचाणावरून बघत असे. ढोलावर पहिली टिपरी पडली की मादी उठायची. आभाळात जायची आणि फिरत राहायची, माणसं जाईपर्यंत. खाली हात जोडलेले, डोळे मिटलेले. वर पौषातल्या वाऱ्यात अंडी उघडी.

बायका म्हणायच्या, बघा, गरुड उडून दर्शन देतोय.

मी तेव्हा नवी सून होते, पण बोलायची भीड मला कधीच नव्हती. भाकरी थापता थापता आत्याबाईंना सरळ म्हणाले, "आत्याबाई, त्या झाडाखाली ढोल नका वाजवू. पाखरू उठतंय. अंड्यांना वारा लागतोय."

"ते काय कोंबडी हाय का?"

"अंडी कोंबडीसारखीच आहेत."

"धाकले, तुझ्या बापानं तुला अक्षरं शिकवली, देव न्हाई शिकवला," आत्याबाई म्हणाल्या. "देवाला थंडी वाजत न्हाई. भाकर उलट, करपून राह्यली."

मी आमच्या यांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बायकांच्या नवसात मी कशाला पडू? मामंजींना सांगितलं, तर ते विडी शोधायला लागले. आणि थोरले दीर? त्यांना काय वाटत होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते त्या झाडाकडं एकदाही गेले नाहीत. नेम बाईचा होता.

कौसाक्काला मात्र मला काही सांगावं लागलं नाही. तिनं स्वतःच मार्ग काढला. सकाळी अंघोळ करून ती निघायची, पण बाभळीपाशी जायचीच नाही. नाला ओलांडून पलीकडच्या बांधानं, मग वरच्या उंचवट्याला वळसा घालून, अख्ख्या शेताला धरून फेरी मारायची. झाड मधोमध राहायचं, पण इतकं लांब की पाखरू नुसती मान वळवायचं, उठायचं नाही. एका प्रदक्षिणेला तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं. मचाणावर आली की दातावर दात वाजत असायचे.

"जवळून घातल्या असत्या तर इतक्यात भाकर खाऊन झाली असती," मी म्हणायचे.

"बाई उठतात मंग," ती म्हणायची. "बसू दे त्यांना. ह्या घरात कुणीतरी निवांत बसंल."

पदर पिळत ती हसायची. मी तिला शेकायला काटक्या पेटवून द्यायचे. हुरडा भाजायच्या आगटीत आम्ही दोघी हात धरायचो. तिच्या हाताच्या रेषांत कुंकू अडकलेलं असायचं, खोडाला न लावलेलं.

आठवडाभर कुणाला कळलं नाही. मग गुरवाच्या बायकोनं बघितलं. नाल्यावर धुणं धूत होती, तिला कौसाक्का लांबून बांधानं चाललेली दिसली. दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळी आत्याबाईंनी कौसाक्काला अंगणात उभं केलं.

"नवसात लबाडी करतीस? झाडाला शिवत न्हाईस?"

"आत्याबाई, म्या फेरी घालतीया. बराबर घालतीया. झाड मधीच हाय."

"मधी हाय म्हणं! मंग हितंच बस की घरात. जालना बी मधी हाय, हैद्राबाद बी मधी हाय. खोडाला हात लावून घाल. उद्यापासनं म्या येती संगं."

आणि त्या आल्या. रोज. मागं टाळ घेऊन गुरवाची बायको. मचाणावरून मला दिसायचं: कौसाक्का खाली मान घालून झाडाभोवती फिरतेय, आणि वर पाखरू चकरा मारतंय. दोघींचाही फेरा एकाच झाडाभोवती, एकीला खाली यायचं होतं आणि एकीला तिथून जायचं होतं.

पिल्लं निघायची वेळ सरली. कोंबडीच्या दुपटीनं वेळ लागत असेल असं आम्ही धरलं होतं. त्याहून जास्त झाला. जवारीत दाणा भरला, टणक झाला, हुरडा संपला. मादी बसलेलीच. अंडी फिरवायची, सावली धरायची, परत बसायची. तिच्या बाजूनं तिनं काहीच कमी केलं नाही. नरानं आणलेला सरडा फांदीवर वाळून जायचा. कौसाक्का बघत राहायची, आणि ती पहिल्यांदाच काही विनोद करत नसे. एकदा एवढंच म्हणाली, "हिला कुणीतरी सांगाया पायजे, उठ म्हणून."

मग एका सकाळी घरटं रिकामं दिसलं. पाखरं आली नाहीत, दुपारी नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी सालगड्याला वर चढवलं. तो काटे काढत दोन अंडी मुंडाशात बांधून खाली आला. एक हातातच फुटलं आणि घाणीनं सगळे मागं सरले. दुसरं मी विळ्याच्या टोकानं उघडलं. आत पिल्लू होतं. ओल्या कापसासारखी लव अंगाला चिकटलेली, डोळे मिटलेले, चोचीला आकार आलेला.

"आत्याबाई, यात जीव धरला होता," मी म्हणाले. "वांझ नव्हतं हे. गारठून गेलंय."

त्यांनी वाकून बघितलं. बघितलं नाही असं मी म्हणणार नाही. कोंबड्यांच्या टोपल्यांवर आयुष्य काढलेली बाई, तिला समोर काय आहे ते कळलं नसेल असं मला आजही वाटत नाही. त्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "आधी लांबनं फेऱ्या घातल्या, तवाच मेलं आसंल."

झाडाखाली उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी मान हलवली. ढोल वाजवणाऱ्या गुरवानंही हलवली.

खळं होईपर्यंत कौसाक्काला घरात ठेवलं. कापणीला हात हवे होते. जवारी घरात आली आणि तिला चार दिवस माहेरी जाऊन ये म्हणून सांगितलं. केदारखेडा इथून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. गाडीत बसताना तिनं कमरेची गोफण सोडून माझ्या हातात दिली. तिनं स्वतः वळलेली होती, अंबाडीची, मधला पट्टा लालसर. "मागं मारू नको आता," ती म्हणाली. थोरले दीर गाडीला बैल जुंपून देत होते. जू त्यांनी दोनदा तपासून बघितलं. तिच्याकडं बघितलं नाही.

चार दिवसांचं वर्ष झालं. त्याआधी वैशाखातच दिरांचं दुसरं लग्न लागलं. नवी जाऊ गरीब स्वभावाची होती, तिच्याशी माझं कधी वाकडं आलं नाही. तिलाही मूल झालं नाही.

त्यानंतरचा एक दिवस मला पक्का आठवतो. आत्याबाईंनी बसवलेल्या दोन कोंबड्यांची अंडी लागोपाठ रिकामी निघाली. नुसतं पाणी. आत्याबाईंनी एकेक अंडं कानाशी हलवून बघितलं, उकिरड्यावर फेकलं आणि कोंबड्यांना काहीही बोलल्या नाहीत. अंगणात फिरणाऱ्या कोंबड्याकडं बघून म्हणाल्या, "ह्यो फुकट दाणे खातोय. ह्याच्यात काय राह्यलं न्हाई. काप त्याला, बाजारातनं दुसरा आणू."

मी परातीत पीठ मळत होते. नवी जाऊ कांदा चिरत होती. आम्ही दोघींनी वर बघितलं नाही.

त्या कोंबड्याचा रस्सा झाला. थोरल्या दिरांनी तो दोनदा मागून घेतला.

पुढं माझा दुसरा मुलगा त्यांना दत्तक गेला. आता मामंजी नाहीत, आत्याबाई नाहीत, दीर नाहीत. सगळी जमीन माझ्या पोरांकडं आली. जी थंडी कौसाक्काला बाहेर घेऊन गेली, तिचा फायदा झाला तो मला. मी तो मागितला नव्हता, पण नाकारलाही नाही. जमीन कोण नाकारतं?

यंदा मार्गशीर्षात बाभळीवर काटक्या दिसल्या आणि आठ दिवसांत गुरवाचा मुलगा दारात आला. आता तोच पूजा करतो. "काकू, गरुड आलाय म्हणं. एकादशीला यावं म्हणतो."

"ये की," मी म्हणाले. "मी मचाणावरच असते. माझा दगड आता मागं जात नाही."

तो गेला. त्याच दिवशी मी नाल्याच्या वाटेवर बोरीचे काटे टाकून घेतले. गावात मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू दे.

पाखरू निवांत बसलं. पौष सरता सरता एके दिवशी मादी सारखी उठायला लागली. मान वाकडी करून अंड्यांकडं कान द्यायची, पुन्हा बसायची. आतलं पिल्लू कवच फुटायच्या आधीच बोलतं म्हणतात. कोंबडीचं बोलतं, ते मी ऐकलंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काटक्यांतून एक पांढरं डोकं वर आलं आणि लगेच आडवं झालं. दोन-तीन दिवसांनी दुसरं निघालं. ते लहान होतं. मोठ्यानं त्याला टोचायला सुरुवात केली. रोज टोचलं. मादी शेजारीच बसून होती, मान वळवून दुसरीकडं बघत होती. आठवडा भरायच्या आत घरट्यात एकच पिल्लू उरलं. देव म्हणणाऱ्यांनी हेही येऊन बघायला हवं होतं. एकाच उबेत दोघं होती. जागा एकाला पुरली.

यंदा मुलखात लूटमार चालू आहे, दिवस बरे नाहीत, माणसं गरजेशिवाय गावाबाहेर जात नाहीत. तरी आमचा सालगडी बियाण्याच्या कामाला केदारखेड्याला चालला होता. त्याच्याकडं मी निरोप दिला: कौसाक्काला सांग, बाभळीवर पिल्लू निघालंय. एवढ्या वर्षांत मी तिला बोलावणं पाठवलं, लुगडं पाठवलं. लुगडं परत आलं, ती आली नाही. भावाच्या घरात राहते, शेतात राबते, असं कळतं.

सालगडी परवा आला. मचाणाखाली उभा राहून सांगायला लागला.

"भेटल्या. राखणीवरच व्हत्या. म्या म्हणलं, पिल्लू निघालंय. म्हणल्या, बरं झालं."

"आणखी?"

"मंग इचारलं, औंदा राखणीला कोण हाय. म्या म्हणलं, तुमच्या जाऊबाईच की."

"मग?"

त्यानं डोक्याचं मुंडासं नीट केलं.

"म्हणल्या, तवाबी तीच व्हती."

खाली ढोल वाजायचा तेव्हाही मी इथंच बसलेली होते, हातात गोफण होती. कणसांवर पोपटांचा थवा उतरला होता. मी गोफणीत दगड घातला. मधला पट्टा झिजलाय, पण दोरी अजून तीच आहे.